उभ्या घराला आशीर्वाद

चर्चच्या मंडळीचे अध्यक्ष स्वयंपाकघरात शिरले तेव्हा वहिनी बाहेर चर्चच्या पायऱ्या धूत होत्या आणि घरात एकट्या आत्या होत्या. अध्यक्षांना लोक पाठीमागे मोजपट्टी म्हणायचे. बांधकामाचा धंदा असल्यामुळे पट्टी खिशात कायम, आणि खिशात आहे म्हणून हातात कायम. लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी टेबलाची लांबी बघणारा माणूस. त्यांनी पट्टीचं टोक आत्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "धरा जरा, आत्या. भिंतीला टेकवून."

आत्यांनी धरलं. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं, पण सांगितलेलं काम नाकारायची सवय नव्हती.

"काय मोजतोस रे?" त्यांनी विचारलं. अध्यक्ष लहान असताना चर्चमधल्या मेणबत्त्यांची टोकं चोरायचे, तेव्हापासून आत्या त्यांना अरे-तुरेच करत आल्या होत्या.

"हॉल. ही भिंत जाणार, मागची खोली जाणार. मंडळीसाठी मोठा हॉल होणार इथे. लग्न म्हणा, बारसं म्हणा, कसली चिंता नाही."

"आणि आमची शेगडी?"

"हॉलमध्ये शेगडी कशाला?"

आत्यांनी टोक सोडून दिलं. पट्टी सुर्रकन परत गेली आणि अध्यक्षांच्या अंगठ्यावर बसली. त्यांची आरोळी ऐकून वहिनी हातातल्या खराट्यासकट धावत आल्या. बघतात तर अध्यक्ष अंगठा तोंडात घालून उभे, आणि आत्या निर्विकार चेहऱ्यानं डाळ निवडायला बसलेल्या.

"वहिनी, बरं झालं आलात," अध्यक्ष अंगठा काढून म्हणाले. "कमिटीचं ठरलंय. येत्या सोमवारी माणसं येतील. तुमची दोघींची आश्रमात सोय केली आहे. पलंग, जेवण, औषध, सगळं फुकट. या वयात झाडलोट करत बसायचं कशाला? आराम करा."

आता हे घर म्हणजे काही मोठा वाडा नव्हता. चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून, घंटेच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी दोन खोल्या. ज्यानं कोणी बांधलं त्यानं घंटेचा दोर घरातच उतरवला होता, राखणदाराला ऊन-पावसात बाहेर उभं राहायला लागू नये म्हणून. त्यामुळे स्वयंपाकघराच्या छताला एक भोक होतं, आणि त्यातून येणारा दोर फळी आणि मोरीच्या मधोमध लोंबत असे. नवा पाहुणा हमखास त्याला कपडे वाळत घालायचा दोर समजायचा. एकदा एकानं ओला टॉवेल टाकून वर ओढला, तर अर्धी मंडळी प्रार्थनेची वेळ झाली समजून चर्चमध्ये येऊन बसली.

वहिनींचे यजमान चर्चचे राखणदार होते. ते गेल्यावर काम दोघींनी वाटून घेतलं. झाडलोट आणि दिवाबत्ती वहिनींकडे, घंटा आत्यांकडे. आत्या म्हणजे वहिनींची नणंद. वहिनी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा आत्या इथे होत्याच, आणि त्या दिवसापासून दोघींचं आमटीतल्या मिठावरून भांडण चालू होतं. भांडण इतकं नेमानं चालायचं की एखाद्या दिवशी ऐकू आलं नाही तर शेजारचे लोक तब्येतीची चौकशी करायला येत.

"दोघींची सोय एकाच खोलीत ना?" वहिनींनी विचारलं.

अध्यक्षांनी खिडकीकडे पाहिलं. "विधवांची इमारत वेगळी आहे. आत्या पडल्या आधार लागणाऱ्या, त्यांचा विभाग पलीकडे. पण अधूनमधून भेट होईलच की."

वहिनींचा राग सहसा तोंडातून बाहेर पडायचा आणि तिथेच संपायचा. या वेळी तो आत गेला आणि तिथेच बसून राहिला.

आत्या या घरात आंधळ्या नव्हत्या, ही गोष्ट अध्यक्षांना कोण समजावणार? इथे त्या भरलेली कळशी घेऊन मोरीपासून शेगडीपर्यंत थेंब न सांडता जायच्या. भिंतीतला कुठला खिळा सैल आहे, कुठल्या फरशीखाली पोकळ वाजतं, सगळं पायाला नि बोटांना पाठ. एकदा वहिनी त्यांना एका नातेवाइकाच्या लग्नाला घेऊन गेल्या होत्या. त्या परक्या घरात आत्या दिवसभर एका खुर्चीवर हात मांडीत ठेवून बसून राहिल्या. कोणी पाणी दिलं तर प्यायल्या, कोणी उठवलं तर उठल्या. मोरीकडे जायचं तरी वहिनींचा पदर धरून, तेही शरमून, हळू आवाजात सांगून. परत आल्यावर त्यांनी दाराच्या चौकटीवरून हात फिरवला, आत पाऊल टाकलं आणि कडाडल्या, "माझी बादली कोणी हलवली?" वहिनींना तेव्हा दारातच रडू आलं होतं. आश्रमात गेलं तर ही बाई मरेपर्यंत त्या खुर्चीवर बसून राहणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"आम्ही जाणार नाही," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, घर तुमचं नाही. मंडळीचं आहे."

"आमचं आहे असं कोण म्हणतंय? आम्ही जाणार नाही, एवढंच म्हणतोय."

अध्यक्ष हसले. लहान मुलं हट्टाला पेटली की मोठी माणसं हसतात तसं. "सोमवारी बघू," म्हणाले आणि अंगठा चोळत निघून गेले.

त्यानंतर वहिनींनी दोन दिवस लोकांची दारं झिजवली. जो तो हळहळला, पण कमिटीविरुद्ध बोलायची वेळ आली की मूग गिळून गप्प. कोणाच्या मुलाला अध्यक्षांकडे नोकरी, कोणाच्या घराचं काम त्यांच्याकडे अर्धवट पडलेलं. "आम्ही प्रार्थना करू तुमच्यासाठी," असं सगळ्यांनी सांगितलं. वहिनी घरी येऊन म्हणाल्या, "प्रार्थनेला कोणाची ना नाही. नुसती ओठांनी करायची असते ना."

आत्या डाळ ढवळत होत्या. थांबल्या. "वहिनी, आपल्या घराला आशीर्वाद कधी झाला?"

वहिनी विचारात पडल्या. मंडळीत कोणी नवं घर घेतलं, भाड्याचं का असेना, की चर्चच्या धर्मगुरूंना, म्हणजे पाळकांना, बोलवायचं अशी रीत होती. पाळक उंबऱ्यात उभे राहून घराला आशीर्वाद देत, सगळी मंडळी सोबत जाई, आणि मग चहा. पण हे घर पडलं चर्चच्या भिंतीला टेकून. देवाच्या पाठीलाच टेकलंय, याला वेगळा आशीर्वाद कशाला, असं म्हणत म्हणत ते राहूनच गेलं होतं.

"झालाच नाही कधी," वहिनी म्हणाल्या.

"मग माग की. मागणाऱ्याला पाळक नाही म्हणू शकत नाहीत."

वहिनी आल्या पावली परत फिरल्या.

पाळक भला माणूस होता, पण भलेपणाला कणा लागतो तो अजून तयार व्हायचा होता. वहिनींना दारात बघून त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, त्या घराच्या बाबतीत कमिटीनं जे..."

"मी कमिटीचं बोलायला आलेच नाही, पाळकसाहेब. घराला आशीर्वाद हवाय. शनिवारी."

"पण सोमवारी ते घर..."

"आज उभं आहे ना? शनिवारी उभं असेल ना? मग उभ्या घराला आशीर्वाद द्यायला काय हरकत? आजारी माणसासाठी प्रार्थना करता, तेव्हा तो जगणार का मरणार हे आधी विचारता का?"

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आतून त्यांची बायको बाहेर आली. दर थोड्या वर्षांनी बदली होऊन नव्या गावातल्या नव्या घरात जायचं, तिथल्या भिंतींना स्वतःचा खिळासुद्धा ठोकायचा नाही, यात त्या बाईचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ते इथे पहिल्यांदा आले तेव्हा पाळकांच्या घराचं छत उघडं पडलेलं होतं, आणि कमिटीची बैठक होईपर्यंत हे नवरा-बायको वहिनींच्या स्वयंपाकघरात दोराखाली गादी टाकून झोपले होते. तिथे आसरा घेणारे ते एकटेच नव्हते. घरमालकानं बाहेर काढलेली नर्स, तुरुंगातून सुटलेला आणि कोणीच जागा देईना असा सुतार, सासर सोडून आलेली एक पोर, या सगळ्यांनी त्या गादीवर दिवस काढले होते.

"शनिवारी येतील ते," पाळकांच्या बायकोनं नवऱ्याकडे न बघताच सांगून टाकलं.

शनिवारी सकाळी आत्यांनी नवी साडी नेसली, पदर कमरेला खोचला आणि दोर धरला. घराला आशीर्वाद असला की घंटा वाजवून मंडळीला बोलवायचं अशी पद्धत होती. आत्यांनी अशी वाजवली, अशी वाजवली, की फळीवरचे डबे नाचायला लागले.

"पुरे!" वहिनी ओरडल्या. "मनोरा पडेल!"

"पडू दे. त्यांचं काम हलकं होईल."

मंडळी आली. ज्यांनी दोन दिवसांपूर्वी हळहळून दार लावून घेतलं होतं तेही आले, कारण आशीर्वादाला न जाणं म्हणजे फारच दिसलं असतं. सुतार आला, नर्स आली. पाळक झगा घालून आले. अंगण भरलं, तेव्हा मागून चकचकीत बूट वाजवत अध्यक्ष आले.

या आशीर्वादात पाळक तीन प्रश्न विचारतात. घरमालकानं दाराच्या चौकटीला हात लावून त्यांची उत्तरं द्यायची आणि शेवटी जमलेल्यांना आपल्या हातानं चहा द्यायचा. प्रश्न तेच, उत्तरं तीच. मंडळीतल्या बारक्या पोरांनासुद्धा ती पाठ होती. वहिनींनी रात्रीपासून मनात घोकून ठेवली होती. सगळ्यांच्या तोंडावर म्हणायची, खणखणीत म्हणायची, मग सोमवारी काय व्हायचं ते होवो, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्या चौकटीकडे निघाल्या, तर अध्यक्ष आडवे आले.

"एक मिनिट," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझा आशीर्वादाला विरोध नाही. पण उत्तरं घरमालक देतो. हे घर वहिनींचं नाही, मंडळीचं आहे. उद्या कोणी म्हणायला नको की वहिनींनी सगळ्यांसमोर चौकटीला हात लावला होता, म्हणून घर त्यांचं. मंडळीचा अध्यक्ष मी. उत्तरं मी देणार."

वहिनींच्या अंगाची लाही लाही झाली. ज्या चौकटीला त्या रोज तेलपाणी करत होत्या तिला हात लावायचीसुद्धा आता चोरी! त्या काहीतरी भयंकर बोलणार, तेवढ्यात आत्यांनी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की शब्द तोंडातच राहिले.

"लावू दे त्याला हात," आत्या कुजबुजल्या. "मोठ्या मनानं लावू दे."

वहिनींना क्षणभर कळेना. मग कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि दोन पावलं मागे सरकल्या. अध्यक्षांनी चौकटीवर हात ठेवला आणि छाती पुढे काढली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय, हे त्या दिवशी अंगणातल्या पोराटोरांनासुद्धा समजलं.

पाळकांनी पहिला प्रश्न विचारला. "हे घर कोणाचं?"

"देवाचं! आम्ही फक्त राखणदार," अध्यक्ष गरजले. आवाज मोठा होता आणि त्यांना तो आवडतही होता.

"इथे जागा कोणाला?"

"जो... जो दार वाजवील त्याला." या वेळी आवाज थोडा खाली आला. मागे सुतार खोकला. त्याला खोकला नव्हता.

पाळक थांबले. पुढचा प्रश्न काय आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि अध्यक्षांना आत्ता आठवत होतं. पाळकांनी बायकोकडे पाहिलं. ती पुढच्याच रांगेत हाताची घडी घालून उभी होती.

"इथे राहणाऱ्याला बाहेर कोण काढील?" पाळकांनी विचारलं.

अध्यक्षांनी तोंड उघडलं आणि मिटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली. आणि त्या शांततेत, सवयीनं, इतक्या घरांच्या इतक्या उंबऱ्यांवर म्हणून म्हणून जिभेला वळण पडलेलं म्हणून, सगळी मंडळी एका सुरात बोलून गेली, "कोणीही नाही. देव राखो!"

म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं. काहींनी जीभ चावली. पण काही बायकांच्या माना, इतके दिवस खाली होत्या त्या, वर झाल्या.

"हे बघा," अध्यक्ष म्हणाले, "प्रार्थनेत म्हणायचं ते वेगळं आणि व्यवहार वेगळा. सगळ्यांना कळतं ते."

"मला नाही कळत," वहिनी म्हणाल्या. आता त्यांना चिमटा काढायला कोणी नव्हतं, आत्या हसत होत्या. "मला समजावून सांगा. ज्याच्या आईला बाळंत व्हायला उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्याच्या नावानं तुम्ही हॉल बांधणार. आणि त्याच्याच नावानं एका आंधळ्या बाईला तिच्या घरातून काढणार. उद्या तो स्वतः आला दार वाजवत, तर कुठे उतरवाल त्याला? हॉलमध्ये? का आधी नाव नोंदवायला सांगाल? आमच्याकडे आला असता तर दोराखाली गादी घातली असती. घातलीच आहे आम्ही! आलेल्या प्रत्येकाला घातली. यातला तो कोण होता हे आम्ही कधी विचारत बसलो नाही. आश्रम चांगला आहे, मी नाव ठेवत नाही. ज्यांना घर नाही त्यांना तो द्या. आम्हाला घर आहे. घर माझ्या नावावर नाही, तुमच्या नावावर नाही, आत्ताच तुम्ही ओरडून सांगितलंत कोणाचं आहे ते. मग त्यानं मला जा म्हणावं. त्यानं म्हटलं तर मी खराटासुद्धा न घेता जाईन!"

वहिनींची मान ताठ होती.

"माणसं सोमवारी येणार म्हणजे येणार," अध्यक्ष म्हणाले. पण हात अजून चौकटीवरच होता. काढावा तर उत्तर न देता काढला असं झालं असतं, आणि तेही अख्ख्या गावासमोर.

तेव्हा पाळक बोलले. आवाज फार मोठा नव्हता. "येऊ देत. मीही येईन. पण अध्यक्ष, एकदा दिलेला आशीर्वाद परत घ्यायची प्रार्थना आमच्याकडे नाही. मी शोधली. काल दिवसभर शोधली." त्यांनी झग्याची बाही सारखी केली. "आणि आशीर्वाद अजून पूर्ण झालेला नाही. मंडळीनं उत्तर दिलं, पण चौकटीला हात तुमचा आहे. आम्ही थांबतो."

आणि खरोखरच सगळे थांबले. ऊन चढत होतं. कोणाचं तरी बाळ रडलं आणि गप्प झालं. अध्यक्षांनी मंडळीकडे पाहिलं. त्यांच्याकडे नोकरीला असलेल्या मुलाचा बाप त्यांच्याकडेच बघत होता, आणि या वेळी त्यानं नजर खाली घातली नाही.

"कोणीही नाही," अध्यक्ष पुटपुटले.

"ऐकू आलं नाही रे," आत्या म्हणाल्या. "दिसत तर नाहीच मला. निदान ऐकू तरी येऊ दे."

"कोणीही नाही!" अध्यक्ष भडकून ओरडले. "देव राखो! झालं समाधान?"

पाळकांनी हात वर करून आशीर्वाद दिला. सगळ्यांनी आमेन म्हटलं. अध्यक्षांनी चौकटीवरचा हात काढून खिशातल्या पट्टीवर ठेवला आणि ते जायला वळले.

आत्या तोवर घरात गेल्या होत्या. शेगडीपासून उंबऱ्यापर्यंत कशालाही न धडकता, कशालाही हात न लावता, उकळत्या चहाची भली मोठी किटली घेऊन त्या सरळ अध्यक्षांसमोर येऊन उभ्या राहिल्या. अध्यक्षांच्या श्वासावरूनच त्यांना जागा कळली असावी.

"धर जरा," आत्या म्हणाल्या.

"मी?"

"घरमालक ना तू? मग पाहुण्यांना चहा कोण देणार? पहिला कप वहिनीला. साखर कमी घेते ती."

किटली गरम होती आणि आत्या ती सोडायच्या बेतात होत्या. आत्या हातातली वस्तू कशा सोडतात याचा अनुभव अध्यक्षांच्या अंगठ्याला होता. त्यांनी पटकन धरली. वहिनी उंबऱ्यावर बसल्या आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच दुसऱ्यानं ओतलेला चहा प्यायल्या. आत्यांनी एक घोट घेतला आणि चहात साखर जास्त पडल्याचं जाहीर केलं. वहिनी म्हणाल्या की साखर बरोबर आहे, जिभेत खोट आहे. भांडण ऐकून शेजाऱ्यांना बरं वाटलं.

सोमवारी कोणी आलं नाही. पाळक मात्र ठरल्याप्रमाणे झगा घालून आले. बघतात तर वहिनी पहाटेपासून खराटा उभा धरून दारात उभ्या होत्या.

"अहो वहिनी, अध्यक्षांनी सगळ्यांसमोर शब्द दिलाय," पाळक म्हणाले. "देवावर विश्वास ठेवा आणि आत जाऊन बसा."

"देवावर आहेच," वहिनी म्हणाल्या आणि खराटा दुसऱ्या हातात घेतला. "मी मोजपट्टीसाठी उभी आहे."